न वाचलेल्या ओळीचा हिशेब : ऑप्टोमेट्री शिकू लागलेल्यांसाठी

ऑप्टोमेट्रीला येणाऱ्या बहुतेकांची समजूत असते की हे काम म्हणजे चष्म्याचा नंबर काढणं. नंबर काढावा लागतोच, आणि तो नेमका काढणं वाटतं तितकं सोपं नाही. पण नंबराचा अंदाज आता यंत्रही देतं. यंत्राला सांगता येत नाही ते वेगळंच. समोरच्या माणसाने भिंतीवरच्या तक्त्यातली ६/१२ ची ओळ वाचली आणि तिच्याखालच्या बारीक ६/९ वर अडखळला, तर का अडखळला? नंबर राहिलाय, डोळ्यातलं भिंग धूसर झालंय, डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) बिघडलाय, डोळ्याची नस दुखावलीय, की तो डोळा लहानपणी बघायला शिकलाच नाही? न वाचलेल्या प्रत्येक ओळीचा असा हिशेब लागला पाहिजे. तो लागत नसेल तर पेशंट तुमच्या खुर्चीवरून नुसता चष्मा घेऊन उठता कामा नये. पुढच्या पायऱ्या याच हिशेबाच्या क्रमाने लावल्या आहेत.

एक गोष्ट आधीच सांगतो. लेख वाचून निदान करता येत नाही. त्यासाठी रीतसर अभ्यासक्रम आणि अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली केलेला सराव लागतो. कोणते थेंब घालता येतात, औषध लिहून देता येतं का, हे देशागणिक बदलतं. आपल्याकडचा नियम पहिल्याच आठवड्यात वाचून घ्या.

भिंग हातात घ्या

भिंगाची ताकद डायॉप्टरमध्ये मोजतात. केंद्रांतर मीटरमध्ये घ्यायचं आणि १ ला त्याने भागायचं. ५० सेंटिमीटर केंद्रांतराचं भिंग म्हणजे २ डायॉप्टर. विश्रांतीतल्या डोळ्याची एकूण ताकद साधारण ६० डायॉप्टर असते आणि त्यातला दोन तृतीयांशाहून अधिक वाटा एकट्या कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाचा. म्हणूनच कॉर्नियाचा आकार जरा बिघडला तरी नजर इतकी बिघडते.

लेन्सोमीटरला, म्हणजे भिंगाचा नंबर मोजणाऱ्या यंत्राला, हात लावण्याआधी ट्रायल सेटमधली (तपासणीच्या भिंगांच्या पेटीतली) भिंगं हाताने ओळखायला शिका. भिंग डोळ्यासमोर धरून हलवा. प्लस असेल तर पलीकडची रेघ उलट दिशेने सरकेल, मायनस असेल तर त्याच दिशेने. भिंग गोल फिरवल्यावर रेघ तुटून तिरकी झाली तर त्यात सिलिंडर आहे, म्हणजे एकाच दिशेने काम करणारी ताकद. ही सवय जडली की पुढे ‘नवीन चष्म्याने चक्कर येते’ अशी तक्रार आली, तेव्हा चष्मा चुकीचा बसवलाय का हे झटकन कळतं.

शरीररचना पुढून मागे शिका: पापणी, अश्रूंचा थर, कॉर्निया, पुढचा कप्पा, बाहुली, भिंग, काचद्रव, पडदा, नस. प्रकाश याच वाटेने जातो आणि तपासणीही याच वाटेने करायची असते.

आधी ऐका

एका डोळ्याला की दोन्ही? हळूहळू की अचानक? दुखतंय का? लांबचं की जवळचं? मधुमेह, रक्तदाब, चालू औषधं, घरात कुणाला काचबिंदू? हे प्रश्न सगळेच विचारतात. मात्र ‘अचानक’ या उत्तरावर थांबू नका. ‘अचानक दिसेनासं झालं की अचानक लक्षात आलं?’ असं पुन्हा विचारा. पुष्कळदा एक डोळा सहज झाकला गेल्यावर दुसऱ्याने कमी दिसतं हे त्या दिवशी कळलेलं असतं, नजर मात्र कित्येक महिने उतरत असते. खरोखरच अचानक गेली असेल तर सगळी घाई वेगळी.

नजर मोजणं आणि छोटं भोक

हेरमान स्नेलेनने १८६२ मध्ये मांडलेला तक्ता आजही भिंतीवर असतो. ६/१८ चा अर्थ असा की निरोगी डोळा जे १८ मीटरवरून वाचतो ते या पेशंटला ६ मीटरवरून वाचावं लागतं. ६/६ चं अक्षर त्या अंतरावर डोळ्याशी ५ कलांचा (१ कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) कोन करतं आणि त्याची प्रत्येक रेघ १ कलेचा. लॉगमार तक्ता मिळाला तर तो वापरा, त्यात प्रत्येक ओळीत ५ अक्षरं असतात आणि एकेका अक्षराची नोंद ठेवता येते.

एक डोळा झाका. हाताची बोटं नकोत, फटींतून सगळे बघतात. पेशंट थांबला की लगेच ‘बरं’ म्हणू नका, पुढचं अक्षर अंदाजाने वाचायला लावा. ६/६० सुद्धा दिसत नसेल तर तक्त्याजवळ आणा, मग बोटं मोजायला द्या, मग हाताची हालचाल, शेवटी प्रकाश कळतो का आणि कुठून येतो हे विचारा.

आता पिनहोल. सव्वा मिलिमीटरच्या आसपास भोक असलेली ही काळी चकती सगळ्या सेटमधली सर्वांत स्वस्त वस्तू असेल, पण हिशेबाचा पहिला फाटा तिथेच फुटतो. पिनहोलमधून नजर सुधारली तर बहुधा नंबराचा प्रश्न आहे. सुधारली नाही तर पुढे काहीतरी शोधायचंय. उलट आणखी बिघडली तर पडद्याचा मध्यभाग किंवा भिंगाच्या मधोमध असलेला डाग संशयित. मोतीबिंदूतही कधी पिनहोलने एखादी ओळ वाढते, त्यामुळे एवढ्यावर निकाल देऊ नका. पण ही चाचणी गाळून चाचपडत बसू नका.

रेटिनोस्कोपी : इथे वेळ घालवा

सगळ्या शिक्षणात सर्वाधिक सराव कशाला द्यावा असं विचारलंत तर माझं उत्तर रेटिनोस्कोपी, म्हणजे बाहुलीत प्रकाशाची पट्टी टाकून परतणाऱ्या चकाकीवरून नंबर काढणं. लहान मूल, बोलू न शकणारा माणूस, घाबरलेला म्हातारा, सगळ्यांचा नंबर त्यांना काही न विचारता यातून निघतो. शिवाय बाहुलीतल्या चकाकीत मोतीबिंदूची सावली दिसते आणि कॉर्निया शंकूसारखा फुगत असेल तर चकाकी कात्रीसारखी उघडमीट करते. हे दोन्ही यंत्राच्या छापील कागदावर येत नाही.

पेशंटला लांबच्या खुणेकडे बघू द्या. त्याचा उजवा डोळा तुमच्या उजव्या डोळ्याने तपासा, म्हणजे तुमचं डोकं त्याच्या नजरेआड येणार नाही. पट्टी हलवली आणि बाहुलीतली चकाकी पट्टीबरोबर सरकली तर प्लस वाढवा, उलट सरकली तर मायनस. नंबर जवळ येत जातो तशी चकाकी रुंद, तेजस्वी आणि चपळ होते. संपूर्ण बाहुली एकदम भरून निघाली आणि सरकणं थांबलं, की ती दिशा संपली. मग दुसरी दिशा. तुम्ही बाजूला सरकून बघत असाल तर नसलेला सिलिंडर दिसेल, म्हणून बसण्याची जागा मध्येमध्ये तपासत राहा.

शेवटी तुम्ही पेशंटपासून किती लांब बसलात त्या अंतराची वजाबाकी. ६७ सेंटिमीटरवरून काम केलं तर १.५० वजा करायचे, ५० वरून केलं तर २.००. समजा ६७ सेंटिमीटरवर आडव्या दिशेला +०.५० ने आणि उभ्या दिशेला −०.५० ने हालचाल थांबली. वजाबाकीनंतर आडव्या दिशेला −१.०० आणि उभ्या दिशेला −२.००. म्हणजे नंबर −१.०० स्फिअर (सगळ्या दिशांना सारखी ताकद), −१.०० सिलिंडर, अक्ष (सिलिंडरची ताकद जिथे शून्य ती दिशा, अंशांत) १८०. हाच नंबर −२.०० स्फिअर, +१.०० सिलिंडर, अक्ष ९० असाही लिहितात. हे रूपांतर झोपेतसुद्धा यायला हवं. नमुना डोळ्यावर सराव करा, पण त्यावर फार रेंगाळू नका. खरी माणसं हलतात, डोळे मिचकावतात, मध्येच जवळ बघतात, आणि शिकायचं असतं ते त्याच गडबडीत.

पेशंटला विचारून नंबर पक्का करणं

तरुण डोळ्यातलं भिंग स्वतःच ताकद वाढवतं, आणि त्यामुळे मायनस नंबर गरजेपेक्षा जास्त जाणं ही नवशिक्यांची नेहमीची खोड. उपाय फॉगिंग. आधी जास्तीचा प्लस घालून नजर धूसर करा आणि ०.२५ च्या पायऱ्यांनी उतरत या. चांगलं दिसण्यासाठी जास्तीत जास्त प्लस किंवा कमीत कमी मायनस, हे सूत्र. ‘अक्षरं जास्त वाचता येतात की नुसती काळी आणि बारीक दिसतात?’ असा प्रश्न विचारा. नुसती काळी दिसत असतील तर तो पाव नंबर परत घ्या.

लाल-हिरव्या तक्त्यावर लाल बाजूची अक्षरं ठळक वाटली तर मायनस हवा, हिरवी ठळक वाटली तर प्लस. रंगांधळ्यांनाही ही चाचणी चालते, फक्त रंगाऐवजी डावी-उजवी बाजू विचारा. क्रॉस सिलिंडरने (उलटसुलट करून दोन पर्याय दाखवणाऱ्या भिंगाने) आधी अक्ष ठरवा, मग ताकद. सिलिंडर −०.५० ने वाढवला की स्फिअर ०.२५ ने प्लसकडे न्यायला विसरू नका. पेशंट ‘दोन्ही सारखंच’ म्हणाला की अनेकांना वाटतं चाचणी फसली. तेच तर हवं असतं.

चाळिशीचा नंबर नेहमी लांबचा पक्का झाल्यावर. हिशेब असा: ४० सेंटिमीटरवर वाचायला २.५० डायॉप्टर लागतात. पेशंटच्या भिंगात ३ डायॉप्टर उरले असतील तर त्यातले निम्मेच सुखाने वापरता येतात, म्हणजे १.५०. बाकीचा १.०० चष्म्याने द्यायचा. वयाचा तक्ता बघून नंबर देणं ही पळवाट आहे. शिवणकाम करणारा आणि मोठ्या पडद्यासमोर बसणारा, दोघं एकाच वयाचे असले तरी एकाच अंतरावर काम करत नाहीत.

चष्म्याने सुधारलं नाही तर

इथून खरा हिशेब. बाहुल्या फैलावणारे थेंब घालण्याआधी बाहुल्या तपासा, नंतर ती संधी गेली. अंधारात टॉर्च एका डोळ्यावर दोन-तीन सेकंद धरा आणि झटकन दुसऱ्यावर न्या. प्रकाश पडल्यावर बाहुली आकसण्याऐवजी फैलावली, तर त्या डोळ्याची नस किंवा पडद्याचा मोठा भाग बिघडलेला आहे. मोतीबिंदू कितीही दाट असो, त्याने असं होत नाही. म्हणून मोतीबिंदूबरोबर हे चिन्ह दिसलं तर मागे आणखी काही दडलंय असं समजा. दोन्ही डोळे सारखेच बिघडले असतील तर मात्र हे चिन्ह मिळणार नाही.

थेंबांआधी पुढच्या कप्प्याची खोलीही बघायची. स्लिट लॅम्पची (प्रकाशाची बारीक पट्टी टाकणाऱ्या सूक्ष्मदर्शकाची) पट्टी ६० अंशांनी तिरकी करून कॉर्नियाच्या कडेवर टाका. कॉर्निया आणि बुबुळ यांच्यामधली काळी जागा कॉर्नियाच्या जाडीच्या पाव भागाइतकी किंवा कमी असेल तर कोन, म्हणजे डोळ्यातलं पाणी निचरण्याची जागा, अरुंद आहे. तिथे थेंब घालून डोळ्याचा दाब भडकवू नका, आधी वरिष्ठांना दाखवा.

मोतीबिंदू कुठे आहे यावरून तक्रार ओळखता येते. मध्यभाग पिकला की मायनस नंबर वाढत जातो आणि साठीतला माणूस आनंदाने सांगतो की वाचायला चष्मा लागत नाही. भिंगाच्या मागच्या आवरणालगतचा डाग आकाराने लहान असला तरी उन्हात आणि वाचताना फार त्रास देतो. स्टेरॉइड घेणाऱ्यांत तो जास्त आढळतो. हिशेबाला उपयोगी एक ताळा: तुम्हाला त्या भिंगातून डिस्क (नस डोळ्यातून बाहेर पडते ती गोल जागा) आणि पडदा स्वच्छ दिसत असेल, तर पेशंटलाही त्यातून बाहेरचं बऱ्यापैकी दिसायला हवं. त्याची नजर ६/६० असेल आणि तुम्हाला आतलं सगळं लख्ख दिसत असेल, तर दोष मोतीबिंदूला देऊ नका.

काचबिंदूत नेमकं उलटं. नजर ६/६ आणि रोग पुढे गेलेला. दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा असतो, पण २१ च्या आत असूनही काचबिंदू असतो आणि २४ असूनही नसू शकतो. कॉर्निया जाड असेल तर दाबाचा आकडा खोटा वाढतो, पातळ असेल तर खोटा कमी येतो. म्हणून डिस्क बघायला शिका. निरोगी डिस्कची कड बहुधा खाली सर्वांत जाड, मग वर, मग नाकाच्या बाजूला आणि कानशिलाच्या बाजूला सर्वांत पातळ. खालची कड झिजलेली दिसली, किंवा दोन डोळ्यांत डिस्कच्या मधल्या खळग्याच्या डिस्कशी असलेल्या प्रमाणात ०.२ किंवा जास्त फरक आला, तर दृष्टिक्षेत्राची तपासणी करायला लावा. मोठ्या डिस्कमध्ये मोठा खळगा स्वाभाविक असतो, तेव्हा नुसत्या खळग्यावरून कुणाला घाबरवू नका.

मधुमेहाच्या पेशंटचा पडदा नजर उत्तम असली तरी बघायचाच. ठिपक्यांसारखे रक्तस्राव, पिवळट साके, कापसासारखे डाग शोधा. त्याच्या नंबराबद्दलही सावध राहा. साखर वरखाली होत असेल तर नंबरही सरकतो, आणि आज दिलेला चष्मा महिन्याभरात निरुपयोगी ठरतो. सरळ रेघा वाकड्या दिसतात अशी तक्रार असेल तर ॲम्सलरची जाळी (उभ्या-आडव्या सरळ रेघांची चौकट) एकेका डोळ्यासमोर धरा आणि पडद्याच्या मध्यभागाची तपासणी लवकर करून घ्या.

लाल डोळा

लाल डोळा म्हणजे ‘डोळे आलेत’ असं घरचे ठरवूनच आलेले असतात. तुम्ही ठरवू नका. आधी नजर मोजा, मग तीन प्रश्न: नजर कमी झालीय का, उजेड सहन होत नाही का, खोल दुखतंय का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर साधे डोळे आले आहेत असं मानू नका.

तिन्ही उत्तरं ‘नाही’ असतील तर चिपडं आणि खाज यांवरून वाट सापडते. खाज हीच मुख्य तक्रार आणि चिकट तारेसारखा स्राव असेल तर ॲलर्जी. पापण्या चिकटवणारी पिवळी चिपडं बहुधा जिवाणूंमुळे. पाणी गळणारा डोळा, दोन-चार दिवसांत दुसराही लाल, कानापुढे दुखरी गाठ, घसा धरलेला, तर विषाणू. शेवटच्या प्रकारात तुमचे हात, टोनोमीटरचं (डोळ्याचा दाब मोजणाऱ्या यंत्राचं) टोक आणि हनुवटी टेकवायची जागा स्वच्छ करणं औषधाइतकंच महत्त्वाचं, नाहीतर साथ तुमच्याच खोलीतून पसरेल. दुखत नाही, नजर छान, आणि पांढऱ्या भागात लालभडक डाग, तर ते बहुतेक वेळा बाहेरच्या आवरणाखालचं रक्त असतं. रक्तदाब आणि रक्त पातळ करणारी गोळी विचारा. डाग आठवडा-दोन आठवड्यांत जातो.

लाली बुबुळाभोवती कड्यासारखी असेल, बाहुली लहान झाली असेल आणि दुसऱ्या डोळ्यावर प्रकाश टाकला तरी हाच डोळा दुखत असेल, तर आतली सूज आहे. कॉर्निया नेहमी फ्लुरेसिन हा रंग लावून निळ्या प्रकाशात बघा. झाडाच्या फांद्यांसारखा डाग उमटला तर नागीण वर्गातल्या हर्पिस विषाणूचा व्रण समजा, आणि अशा डोळ्यात कुणी परस्पर स्टेरॉइडचे थेंब घातले तर नुकसान मोठं होतं. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा दुखरा लाल डोळा म्हणजे कॉर्नियाला जखम, असंच ती नाही हे सिद्ध होईपर्यंत धरून चाला. त्यावर पट्टी बांधू नका. बधिर करणारे थेंब पेशंटला घरी देऊ नका, कितीही विनवणी केली तरी.

रांजणवाडी, कोंडा धरून सुजलेल्या पापण्या, कोरडेपणा हे रोजचं. डोळे मिचकावल्यावर नजर क्षणभर साफ होते असं पेशंट म्हणाला तर अश्रूंचा थर बघा. फ्लुरेसिन लावून न मिचकावता १० सेकंदांच्या आत थर तुटत असेल तर तो अस्थिर आहे. अशा डोळ्याला नंबर बदलून देणं व्यर्थ.

मुलं

मूल तक्रार करत नाही. एका डोळ्याने अंधुक दिसत असेल तरी दुसऱ्यावर त्याचं सगळं भागतं. म्हणून एकेक डोळा झाकून बघा. एक डोळा झाकला की शांत आणि दुसरा झाकला की रडतं, ही मोठी खूण. कव्हर टेस्टमध्ये एक डोळा झाकताना उघड्या डोळ्याकडे बघायचं. तो जागचा हलून स्थिर झाला तर तिरळेपणा आहे. मुलांचा नंबर भिंगाचे स्नायू सैल करणारे थेंब घालूनच पक्का करावा. ‘मोठेपणी सुटेल’ हे कुणी सांगितलं असेल तर ते खोडून काढा, आळशी डोळ्याचा, म्हणजे लहानपणी बघायला न शिकलेल्या डोळ्याचा, उपचार जितका लवकर तितका फळतो. आळशी डोळा एकटं अक्षर ओळीतल्या अक्षरापेक्षा चांगलं वाचतो, म्हणून पूर्ण ओळच दाखवा. आणि हे निदान शेवटी करायचं, बाकी सगळं निरोगी आहे याची खात्री झाल्यावर. फोटोत किंवा टॉर्चच्या प्रकाशात बाहुली पांढरी चमकली तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे, कारण ती डोळ्यातल्या कर्करोगाची खूण असू शकते.

थांबायचं नाही अशा वेळा

डोळ्यात चुना, ॲसिड किंवा दुसरं रसायन गेलं असेल तर नाव-गाव, नजर काही विचारू नका. आधी स्वच्छ पाण्याने किंवा सलाइनने धुवायला घ्या, पापणी उलटून अडकलेले कण काढा, धूतच राहा. चुन्यासारखे अल्क बहुतेक ॲसिडांपेक्षा खोल शिरतात.

बाकीच्या वेळा जिथे फोन उचलून लगेच पाठवायचं:

- डोळा दगडासारखा कडक, कॉर्निया धूसर, बाहुली अर्धवट फैलावून थिजलेली, दिव्याभोवती वलयं, उलट्या
- नव्याने चमकणाऱ्या विजा, काळ्या ठिपक्यांचा पाऊस, नजरेसमोर बाजूने पडदा सरकत आल्यासारखं दिसणं
- एका डोळ्याची नजर वेदनेशिवाय एकाएकी गेलेली
- नव्याने आलेलं दुहेरी दिसणं, पापणी खाली आलेली, त्याच बाजूची बाहुली मोठी
- पन्नाशीपुढचा माणूस, नजर अंधुक, कानशील दुखतंय, चावताना जबडा दुखतो
- दोन्ही डिस्क सुजलेल्या, सोबत डोकेदुखी

लिहून ठेवा, पाठवा, उत्तर मागा

डिस्क, कॉर्नियावरचा डाग, भिंगातला धूसरपणा शब्दांत लिहू नका, काढून दाखवा. चित्र वाकडं आलं तरी चालेल. काढायला बसलं की आपण नीट पाहिलंच नव्हतं हे कळतं. प्रत्येक चाचणीआधी काय मिळेल याचा अंदाज कोपऱ्यात पेन्सिलने लिहा आणि नंतर जुळवा.

नेत्रतज्ज्ञाकडे पाठवताना चिठ्ठीत ‘पुढील तपासणीसाठी’ एवढं पुरत नाही. चष्म्यासह आणि पिनहोलने प्रत्येक डोळ्याची नजर, बाहुल्यांची प्रतिक्रिया, दाब आणि तो किती वाजता मोजला, घातलेले थेंब, काय दिसलं, कशाची शंका आहे आणि किती घाई आहे, हे सहा-सात ओळींत मावतं. खाली एक विनंती जोडा की निदान कळवावं. उत्तर आलं की ते त्या पेशंटच्या कागदाला लावा आणि तुमच्या पेन्सिलच्या अंदाजाशेजारी तारीख घालून उतरवा.